बदलीचा हुकूम आणि दारातले कुत्रे

आमच्या दिल्लीतील वसाहतीच्या सूचनाफलकावर दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीच्या सुमारास ठरावीक मजकुराच्या चिठ्ठ्या दिसू लागतात. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, बदल्यांचे हुकूम निघालेले असतात आणि बिऱ्हाडे हलविण्याची गडबड सुरू झालेली असते. एका चिठ्ठीत कूलर विकणे आहे असे लिहिलेले असते, दुसरीत जेवणाचे मेज, तिसरीत मुलाची सायकल. या सगळ्यांच्या शेजारी एखादी चिठ्ठी अशीही असते : ‘बदली झाल्यामुळे तीन वर्षांची, अत्यंत प्रेमळ कुत्री चांगल्या घरी देणे आहे.’ इतर चिठ्ठ्यांत किंमत लिहिलेली असते, हिच्यात नसते, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी अशा एका चिठ्ठीखाली मराठी आडनाव होते. त्या गृहस्थांचे नाव मी येथे सांगणार नाही. ते सभ्य आहेत, कामात चोख आहेत आणि मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांचा पुढाकार असे. शिवाय त्यांच्या नावाची गरजही नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वी त्या चिठ्ठीखाली माझे नाव तितकेच शोभले असते. ती हकीकत पुढे सांगेनच.

त्यांची ती कुत्री म्हणजे टिकली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. एका पावसाळ्यात त्यांच्या मुलीने गटाराच्या काठावरून ते भिजलेले पिल्लू उचलून आणले आणि तीन वर्षे ते त्या घरात वाढले. चिठ्ठी लागल्यावर आठ दिवसांत कोणी विचारले नाही. नवव्या दिवशी ट्रक आला. टिकलीचा गळपट्टा सोडून घेण्यात आला, वसाहतीच्या चौकीदाराच्या हाती काही नोटा देण्यात आल्या आणि ‘हिच्याकडे लक्ष ठेव’ असे त्यास सांगण्यात आले. पंधरा दिवसांनी चौकीदाराची पाळी दुसऱ्या फाटकावर लागली. टिकली मात्र त्याच दारासमोर बसून राहिली. घरात आलेल्या नव्या बिऱ्हाडाने तिला हाकलले, यात त्यांचा दोष कसला? बाजाराच्या बाजूच्या कुत्र्यांनी तिला फाडले. महिन्याभरात तिच्या अंगावर खरूज पसरली. शेवटी वसाहतीतील एका विद्यार्थिनीने तिला पोत्यात गुंडाळून पशुवैद्याकडे नेले, आणि बरी झाल्यावर ती आमच्या ओसरीवर आली.

मी शहात्तरीकडे झुकलो आहे. टिकली अजून आठ-दहा वर्षे जगेल. तिला माझ्या आयुष्याच्या भरवशावर ठेवणे म्हणजे तिला पुन्हा एकदा अनाथ करण्याची तजवीज करणे होय. मुलाची बदलीही आज ना उद्या होणारच आहे. ती झाली तर टिकली त्याच्याबरोबर जाईल असे आमच्या घरी ठरले आहे, परंतु तिचा जीव ज्याच्यावर जडेल असे एखादे तरुण घर तिला मिळावे ही माझी इच्छा. म्हणून मी आमच्या ओळखीच्या सात मराठी घरी जाऊन आलो. तेथे जे ऐकले त्याने मला हा लेख लिहावयास भाग पाडले.

माझे म्हणणे एका वाक्यात आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना मतभेदाची जागा शोधण्याचे श्रम पडणार नाहीत. बदलीची नोकरी हे कुत्रे न पाळण्याचे कारण होऊ शकते, पाळलेले कुत्रे सोडून देण्याचे कारण ती कदापि होऊ शकत नाही. आपल्या वर्गाने या दोन गोष्टींची सोयीस्कर गल्लत केली आहे आणि तिची किंमत मुक्या जिवांनी मोजली आहे.

प्रथम सोडणाऱ्यांचा कैवार पाहू. ‘बदली अचानक झाली’ हे त्यांचे पहिले समर्थन. ज्याने अखिल भारतीय नोकरी पत्करली त्याला बदली अचानक कशी होईल? तारीख अचानक ठरेल, गाव अचानक ठरेल. परंतु बदली होणार हे नेमणुकीच्या पहिल्याच कागदावर लिहिलेले असते. कुत्रे साधारणतः दहा ते तेरा वर्षे जगते. दर तीन वर्षांनी एक बदली धरली तरी कुत्र्याच्या एका आयुष्यात तीन-चार बदल्या येणारच. हा हिशेब पिल्लू उचलण्याच्या दिवशी करावयाचा असतो. अंदाजपत्रकात पुढील पाच वर्षांचा खर्च दाखविणाऱ्या माणसाला घरातील एका जिवाचा हिशेब मांडता येऊ नये, हे मला पटत नाही.

दुसरे समर्थन प्रवासाचे. ‘एवढ्या लांब कसे न्यावे?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रवासभत्त्याच्या नियमांतच आहे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या नियमांप्रमाणे वेतनश्रेणीच्या सहाव्या स्तरापासून वरच्या केंद्रीय अधिकाऱ्यास बदलीच्या वेळी ६००० किलोपर्यंत सामान नेण्याची मुभा आहे, आणि गाव बदलत असेल तर सर्वसाधारणपणे मूळ वेतनाच्या ८० टक्के रक्कम बदली-अनुदान म्हणून वेगळी मिळते. रस्त्यावरचे आपले सर्वसाधारण देशी कुत्रे पंधरा ते वीस किलोंचे असते. म्हणजे मुभेच्या सामानाचा तीनशेवा हिस्सा. लोखंडी कपाटे, कुंड्या, मोडका पाळणा, दहा वर्षांची जुनी मासिके, हे सर्व सामान आसामातून राजस्थानात जाते, परंतु वीस किलोंच्या कुत्र्याला जागा होत नाही.

रेल्वेची अडचण म्हणाल तर तीही आपण समजतो तेवढी नाही. पहिल्या वर्गाची दोन किंवा चार शायिकांची खोली संपूर्ण आपल्या नावे असेल तर कुत्र्याला आपल्याजवळ ठेवता येते. नाहीतर गार्डच्या डब्यात त्यासाठी पेटी असते आणि तिची नोंदणी पार्सल कचेरीत होते. पशुवैद्याचा दाखला आणि लस टोचल्याचा कागद जवळ हवा. उन्हाळ्यात ती पेटी तापते, म्हणून थांब्यावर उतरून पाणी पाजावे लागते, हे खरे आहे. गैरसोय होते, हेही खरे आहे. परंतु गैरसोय आणि अशक्यता यांतील भेद आपल्याला कार्यालयात चांगला कळतो. हाताखालच्या माणसाने ‘अशक्य आहे’ असे टिपणात लिहिले तर आपण लाल शाईने ‘प्रयत्न काय केले?’ असे विचारतो. तोच प्रश्न घरी विचारावा.

तिसरे समर्थन सर्वांत गोड. ‘ते तेथलेच आहे, तेथेच सुखी राहील.’ रस्त्यावर जन्मून रस्त्यावरच वाढलेल्या कुत्र्याविषयी हे एक वेळ खरे असेल. त्याला आपली हद्द ठाऊक असते, कोणत्या खाटकाच्या, हलवायाच्या दाराशी किती वाजता काय मिळते हे ठाऊक असते, कोणाला भ्यावे हे ठाऊक असते. जे पिल्लूपणी घरात आले त्याला यांतले काहीच ठाऊक नसते. त्याला वाडग्याचा आवाज कळतो आणि जिन्यावरची पावले कळतात. ते दाराबाहेर पडले की एकीकडे हद्दीची कुत्री आणि दुसरीकडे मोटारी अशा कात्रीत सापडते. त्याला ‘स्वतंत्र केले’ असे म्हणणे म्हणजे मराठीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या वृद्ध मातेला परमुलखातील स्टेशनावर उतरवून ‘आता तू मोकळी आहेस’ असे म्हणण्यासारखे आहे.

आणि चौथे समर्थन, ज्याची मला सर्वांत अधिक लाज वाटते : ‘आम्ही त्याची व्यवस्था करून आलो. माळ्याला सांगितले आहे, चपराशाला सांगितले आहे.’ वाचकहो, आपण कोणाला सांगितले याचा क्षणभर विचार करा. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही अशा माणसाला आपण सांगितले. त्याच्या एका खोलीत त्याचीच चार माणसे आहेत. त्याने साहेबांपुढे मान डोलावली, म्हणजे त्याने जबाबदारी पत्करली असे होत नाही; आपली विनंती त्याला हुकुमासारखी ऐकू आली, एवढाच तिचा अर्थ. आपल्या दयेचा भार जो आपल्याहून दुबळा त्याच्या शिरावर ठेवून आपण निघून जातो, आणि पुढे कुत्रे मेले तर ‘त्याने नीट पाहिले नाही’ असे म्हणायलाही आपण कमी करीत नाही.

बदलीच्या वेळी आपण किती काटेकोर असतो! पंखे किती, दिवे किती, खिडकीची तावदाने किती, सर्वांची यादी करून ताबा देतो. वीज, पाणी, ग्रंथालय यांचे थकबाकी नसल्याचे दाखले घेतो. ज्याने तीन वर्षे आपल्या दारावर पहारा केला, आपली मुले शाळेतून येईपर्यंत फाटकाशी डोळे लावले, त्याचा उल्लेख मात्र कोणत्याही यादीत नसतो आणि त्याच्या थकबाकीचा दाखला कोणी मागत नाही.

आता कायद्याविषयी. आपण कायदा राबविणारी माणसे, म्हणून तो आपल्याला ठाऊक असला पाहिजे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेच्या नियुक्त सदस्य झाल्या आणि प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध त्यांनी खाजगी विधेयक मांडले. सरकारने स्वतः कायदा आणण्याचे आश्वासन दिले आणि १९६० साली प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या पशुकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा. या कायद्याच्या अकराव्या कलमात, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत पुरेशा कारणाविना प्राण्याला टाकून देणे, हा गुन्हा सांगितलेला आहे. त्याबद्दल पहिल्या वेळेस दंड किती? मूळ कायद्याप्रमाणे अधिकात अधिक पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोन माणसांचा धड नाश्ता होत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे’ हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले, परंतु त्यास दंडाची जोड नाही. तात्पर्य, कायद्याच्या धाकाने हे काम होणार नाही. ते मनाला लागले तरच होईल.

येथे एक आक्षेप येणार आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘कुत्र्यांचे कौतुक पुरे. आमच्या मुलांना रस्त्यातून जाता येत नाही, त्याचे काय?’ ही तक्रार खरी आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता दवाखाना गाठून लस घ्यावी, हे प्रत्येक घरातील मुलाला पाठ असले पाहिजे. परंतु या भीतीतून जे सुचते ते बहुधा मारण्याचे, आणि ते नवे नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारी इनामासाठी भटकी कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा पारशी समाजाने दंगल केली, हरताळ पाळला. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे या देशातील नगरपालिका कुत्री मारीत राहिल्या आणि रस्ते काही मोकळे झाले नाहीत. मारलेल्यांच्या जागी शेजारच्या हद्दीतील येतात आणि उरलेल्यांना पिल्ले होतात. शेवटी २००१ साली निर्बीजीकरण व लस यांवर आधारलेले नियम आले, २०२३ साली ते नव्याने केले गेले. त्यांची अंमलबजावणी कोठे किती झाली याची लाज ज्याची त्याने बाळगावी.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात हा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टच्या आदेशात दिल्ली व आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत असे सांगितले होते. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि निर्बीजीकरण व लस झाल्यावर कुत्री त्यांच्याच जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक मात्र सोडू नयेत, असे ठरविले. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्री हलवून परत तेथे सोडू नयेत असे आले. या सगळ्या गदारोळात २२ ऑगस्टच्या आदेशातील एका परिच्छेदाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्याला इच्छा असेल त्याने नगरपालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रे दत्तक घ्यावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची राहील, असा तो परिच्छेद आहे. माझ्या दृष्टीने सर्व वादाचे सार त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि कुत्र्यांना भिणारे या दोघांचेही ज्यात हित आहे असे एकच काम आहे : एक कुत्रे रस्त्यावरून घरात नेणे आणि ते मरेपर्यंत घरात ठेवणे. उलटपक्षी, बदलीच्या दिवशी निर्बीजीकरण न केलेली एक कुत्री फाटकाबाहेर सोडणारा सद्गृहस्थ दोन-चार महिन्यांत त्या रस्त्यावर पाच-सहा पिल्ले सोडीत असतो. मग तोच दुसऱ्या गावी जाऊन तेथील नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडतो.

आता न घेणाऱ्यांकडे वळतो. सात घरांपैकी एका घरी वहिनींनी मला चहा दिला आणि सरळ सांगितले, “काका, पुढल्या वर्षी आम्ही पोर्ट ब्लेअरला जाऊ, तेथून कोठे ते ठाऊक नाही. सासूबाई आजारी असतात. मला हिचे करणे निभणार नाही, आणि निभत नसेल तर मी हो म्हणणार नाही.” त्या बाईंना मी मनोमन नमस्कार केला. ज्या घरात विचारपूर्वक नकार मिळतो ते घर कुत्र्याच्या दृष्टीने वाईट नव्हे. वाईट घर ते, जेथे उत्साहाने होकार मिळतो आणि चार महिन्यांनी फलकावर चिठ्ठी लागते.

इतर उत्तरे निराळी होती. एकाने विचारले, “जातीचे आहे का?” आपल्या लोकांनी सभांतून जातिभेदाविरुद्ध केलेली भाषणे मी ऐकली आहेत, म्हणून हा प्रश्न मला विशेष लागला. सायबेरियातील बर्फात गाडी ओढण्यासाठी ज्यांची पैदास झाली ती दाट केसांची कुत्री आपण नागपूर-दिल्लीच्या उन्हात धापा टाकीत ठेवतो, आणि जे या हवेत, या पाण्यावर शतकानुशतके तगले त्याला ‘गावठी’ म्हणून बाहेर ठेवतो. दुसऱ्या घरी म्हणाले, “पिल्लू असते तर घेतले असते.” पिल्लू तीन महिने गोजिरवाणे असते, पुढली अनेक वर्षे ते कुत्रेच असते. मोठे कुत्रे घेण्यात एक फायदा असा की त्याचा स्वभाव आपल्याला आधी पाहता येतो. तिसऱ्या घरी गच्चीवर बांधून ठेवण्याची तयारी होती, राखणीला. साखळीने बांधलेले कुत्रे राखण करीत नाही, ते केवळ भुंकते. आणि दिवसभर भुंकणाऱ्याच्या हाकेला शेजारी जागा होत नाही. चौथ्या घरी मुलांच्या सुटीपुरते हवे होते. तेथे मी चहा घेतला नाही.

मग चांगले घर म्हणजे काय? चिठ्ठीतील हा शब्द आपण इतका स्वस्त केला आहे की त्याचा अर्थ पुन्हा लावणे प्राप्त आहे. बाग असलेला बंगला म्हणजे चांगले घर नव्हे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कुत्री सुखाने म्हातारी झालेली मी पाहिली आहेत. ज्या घरातील सर्व माणसांनी, केवळ हट्ट धरणाऱ्या मुलाने नव्हे, हो म्हटले आहे. ज्या घरी सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणारा माणूस ठरलेला आहे. आजारपणाच्या खर्चाची ज्याने तरतूद धरली आहे. आणि ‘बदली झाल्यावर काय कराल?’ या प्रश्नाला ज्यांच्याजवळ उत्तर आहे, ते चांगले घर. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा मनुष्य रागावला तर तेथून कुत्रे परत आणावे.

देणाऱ्यालाही कर्तव्ये आहेत. ज्याला खरोखरच, आजारपणामुळे वा अन्य आपत्तीमुळे, कुत्रे दुसऱ्याकडे सोपविणे भाग आहे त्याने शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. तीन-चार महिने आधी शोध सुरू करावा. लस आणि निर्बीजीकरण आपल्या खर्चाने करून द्यावे. प्रथम मागेल त्याला देऊ नये. त्याच्या घरी जाऊन पाहावे, आणि दोन-तीन वेळा कुत्र्याची व त्या माणसांची गाठ घालावी. कुत्र्याची खोड लपवू नये. विजांना भिते, मांजरामागे धावते, ताटाजवळ हात घातला तर गुरगुरते, हे आधी सांगितले तर घेणारा तयारीत राहतो. नंतर कळले तर त्याला फसविल्यासारखे वाटते आणि सूड कुत्र्यावर निघतो. तिचे अंथरूण, तिचे वाडगे बरोबर द्यावे, जेवणाच्या वेळा लिहून द्याव्या. आणि ‘नाही जमले तर मला परत द्या, रस्त्यावर सोडू नका’ असे शब्द तोंडी नव्हे, कागदावर लिहून द्यावे.

घेणाऱ्याने धीर धरावा. नव्या घरी पहिले दोन-तीन दिवस कुत्रे कोपऱ्यात बसते, खात नाही, रात्री रडते. त्या काळात पाहुणे बोलावू नयेत, न्हाऊ घालू नये, मुलांना त्याच्या अंगावर पडू देऊ नये. फाटक उघडे राहिले तर ते जुन्या दाराच्या शोधात पळते, म्हणून पहिले काही आठवडे साखळीशिवाय बाहेर नेऊ नये. दोन-तीन आठवड्यांत ते घराची रीत ओळखते आणि दोन-तीन महिन्यांत ते घर आपले मानते. परगावी बदलून गेलेल्या माणसाला हे वेळापत्रक अपरिचित वाटू नये. नव्या गावी पहिल्या आठवड्यात आपल्यालाही जेवण गोड लागत नाही. कोणी मराठी बोलणारा भेटला, मंडळाचा पत्ता मिळाला, एखाद्या वहिनींनी भाकरी धाडली, की मगच ते गाव राहण्याजोगे वाटू लागते. आपण सर्व जन्मभर दुसऱ्यांच्या गावी घर शोधीत आलेली माणसे आहोत. उपऱ्याचे दुःख आपल्याला पुस्तकातून शिकावयाचे नाही, म्हणूनच आपला निष्ठुरपणा अधिक क्षमेस अपात्र ठरतो.

आपल्या परंपरेचा दाखला देणाऱ्यांनीही जरा थांबावे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रे आहे, भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवाची कथा आपण मुलांना सांगतो. रायगडावरील वाघ्याचा पुतळा २०१२ साली हटविला गेला व पुन्हा बसविला गेला, २०२५ साली त्यावरून पुन्हा वादळ उठले. इतिहास काय सांगतो हे इतिहासकारांनी ठरवावे. माझी तक्रार एवढीच की दगडाच्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंनी जेवढा आवाज झाला त्याचा शतांशही दारातल्या जिवंत कुत्र्याच्या वाट्याला येत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रमंडपात आलेल्या कुत्र्याला त्याचे भाऊ निष्कारण मारतात आणि त्या कुत्र्याची आई सरमा राजाच्या यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. तिला कोणी उत्तर देत नाही. शेवटी महाप्रस्थानात युधिष्ठिरापुढे इंद्राचा रथ उभा राहतो. ती एका परीने बदलीच होती, आणि तीही सर्वांत वरच्या जागी. अट एकच, मागे आलेले कुत्रे खाली ठेवून यावे. युधिष्ठिराने ती अट नाकारली. कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता हे त्याला मागाहून कळले. नकार दिला तेव्हा ते त्याच्या दृष्टीने केवळ मागे मागे चालत आलेले कुत्रे होते.

१९८३ साली मी जबलपूरला होतो. आमच्याकडे मोती नावाचे तांबूस कुत्रे होते. कलकत्त्यास बदली झाली. मी वर दिलेली चारही समर्थने तेव्हा एकेक करून घरात मांडली आणि मोतीला बंगल्याच्या माळ्याकडे सोपवून निघालो. पत्नी स्टेशनापर्यंत बोलली नाही. तीन महिन्यांनी माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याचे पत्र आले. काही फायलींविषयी त्यांना विचारावयाचे होते. पत्राच्या अखेरीस त्यांनी सहज लिहिले होते की आपले कुत्रे रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येऊन पायऱ्यांवर बसते, अंधार पडला की उठून जाते. मी त्या पत्राला परत टपालाने उत्तर लिहिले. फायलींविषयी तीन पाने सविस्तर लिहिली. मोतीविषयी काही लिहिले नाही. त्याला आणविण्यासाठी मला चार दिवसांची रजा आणि रेल्वेचे भाडे एवढेच लागले असते, आणि दोन्ही माझ्याजवळ होते. त्याचे पुढे काय झाले हे मी कधी विचारले नाही. म्हणून या लेखात मी इतरांना जे कठोर शब्द वापरले ते प्रथम माझ्यासाठी आहेत असे वाचकांनी समजावे.

असो. टिकली आता साडेचार वर्षांची आहे. खरूज पूर्ण गेली आहे, उजवा कान फाटका आहे तो तसाच राहील. लस टोचलेली आहे, निर्बीजीकरण झाले आहे. ती ट्रकच्या आवाजाला फार भिते आणि जिन्यावर पेट्या उतरू लागल्या की पलंगाखाली जाऊन बसते. मुलांशी तिचे चांगले जमते. तिला घर हवे आहे. या अंकाच्या वाचकांपैकी कोणी इच्छुक असेल तर त्यांनी संपादकांकडे पत्र लिहावे. बंगला केवढा आहे हे कळविण्याची गरज नाही. पुढली बदली केव्हा अपेक्षित आहे आणि त्या दिवशी टिकली कोणत्या डब्यात बसेल, एवढे मात्र अवश्य लिहावे.